कडूबा डाळ निवडतो
महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दुसरबीडच्या कडूबाच्या उजव्या डोळ्यात कापसाच्या शेतात पऱ्हाटीचा खुंट घुसला आणि डोळा गेला. वय चाळिशीला टेकलेलं. डावा डोळा होता म्हणा, पण तो लहानपणापासूनचा तिरळा, नावापुरता. मेहकरच्या डॉक्टरांनी त्यात बॅटरी मारून पाहिली.

"यात खोट काही नाही, आळशी आहे," ते म्हणाले. "आजवर उजवा राबला, यानं बसून खाल्लं. आता याला बारीक कामाला लावा. या वयात जागा होईलच असं वचन मात्र देत नाही."

नाही झाला, तर उरलेला जन्म दुसऱ्याचा हात धरून काढायचा.

आता शेतकरी गड्यानं बारीक काम आणायचं कुठून? त्याच्या बायकोनं, कोकिळानं, तुरीच्या डाळीचं सूप पुढ्यात सरकवलं. "खडे निवडा," म्हणाली.

झालं! कडूबा ओसरीवर बसून डाळ निवडतो, ही बातमी गावभर. शेजारचा रंगराव तर मुद्दाम वाट वाकडी करून यायचा. "काऊन बे कडूबा, उद्या पापडबी लाटतं का?"

कडूबा हसून सोडून द्यायचा. रंगराव त्याला दिसायचाच कुठं! त्या डोळ्याचं जगच निराळं, सगळं दुधात बुडालेलं. लिंबाचं झाड हिरव्या धुरासारखं तरंगायचं, म्हैस अंगणातच विरघळून जायची, आणि डाळीच्या पिवळ्या तळ्यात त्याची बोटं पोहत राहायची. कधी वाटायचं, आपण झोपेतच आहोत, कोणी उठवू नये. जेवताना मात्र तो भीत भीत घास चावायचा. पण खडा काही दाताखाली येत नव्हता.

"पाह्य, डोळा जागा होऊन राह्यला," तो खुशीत म्हणायचा.

"हाव तर," कोकिळा म्हणायची.

असे महिने गेले. एका सकाळी डाळ निवडून झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला होता. समोरच्या धुरातून आधी बांगड्या वर आल्या, मग हात. कोकिळा त्यानं निवडलेली डाळ गुपचूप पुन्हा निवडत होती. एक खडा तिनं पदरात टाकला, मग दुसरा.

कडूबाला भडभडून आलं. म्हणजे इतके दिवस हिनं आपल्याला फसवलं होतं. फसवलं नसतं तर आपण कधीच सूप फेकून दिलं असतं, हेही त्याला कळलं.

"कोकिळा," तो हळूच म्हणाला, "तुह्या करंगळीपाशी एक राह्यला."

तिनं खाली पाहिलं. खडा होता. ती पदर डोळ्यांना लावायला गेली, तर त्यातले खडे ओसरीभर सांडले. कडूबाला तेही दिसले.