कोणी कोणाला टाकलं

नवऱ्याच्या घरातून बाई निघते ती बहुधा मागच्या दारानं, तोंडावर पदर ओढून. मालन निघाली ती काष्टीच्या भर बाजारातून. बैलांची दावण, शेळ्यांचा कालवा, भाजीवाल्यांची आरडाओरड, आणि त्यातून ही डोक्यावर गाठोडं घेऊन सरळ मधल्या वाटेनं चाललेली. कुणी ओळखीच्या बाईनं "कुठं गं?" म्हणून विचारलं, की थांबून सांगायची, "म्हायेरी. परत यायची न्हाई." तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, तिला कांद्याच्या चाळीत कोंडून घातलं होतं. गुन्हा काय, तर उलटून बोलली. तिनं खुरपं घालून चाळीच्या पट्ट्या उचकटल्या, अंगावरची कांद्याची फोलपटं झटकली आणि चालू लागली. सासू दारात उभी होती. मालन तिला म्हणाली, "येते." तेवढंच.

आता एवढ्या उजळमाथ्यानं घर सोडलेली बाई. पण जामखेडच्या बाजूला, माहेरच्या गावात पाऊल टाकलं आणि लोकांनी तिचं नाव ठेवलं काय, तर 'टाकलेली'. कडूबाईची टाकलेली लेक. पाणवठ्यावर टाकलेली, दळणाला टाकलेली, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली तर तिथंही मुकादम म्हणे, "ती टाकलेली कुठाय?" पहिल्यांदा मालननं नीट समजावून सांगितलं. मग चिडून सांगितलं. शेवटी मुकादमाला म्हणाली, "मला कुनी टाकली न्हाई. मी टाकलाय नवरा. पुन्यांदा बोललास तर हातोडी टाकीन, ती मातर खरंच टाकीन." मुकादम पुन्हा बोलला नाही. पण लोकांच्या तोंडाला काय हात लावता येतो होय? पाठीमागं चालूच.

अशी तीन वर्षं गेली आणि नगरहून एक बातमी आली. तिथल्या एका संस्थेनं मोठ्या बायकांसाठी वर्ग काढला होता. सातवी झालेली बाई घ्यायची आणि दोन वर्षांत मॅट्रिकला बसवायची. राहणं-खाणं, पुस्तकं, फी, सगळं सरकारच्या अनुदानातून. वर हातखर्चाला चार पैसे. मालन लग्नाआधी सातवी पास झालेली होती, आणि चांगली झालेली होती. मॅट्रिक झाली तर मास्तरीणबाईचं ट्रेनिंग, मग नोकरी, मग आपल्या मनाची भाकरी. नाही झाली, तर दसऱ्यानंतर भावाच्या टोळीबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, जन्मभर. तिसरी वाट काष्टीची, आणि त्या वाटेवर मालन थुंकलीसुद्धा नसती. तिनं त्याच दिवशी संस्थेला पत्र धाडलं.

पण सरकारचा पैसा असा सुखासुखी सुटतो होय! विधवा असेल तर अनुदान. नवऱ्यानं टाकलेली असेल तर अनुदान. नवरा जिवंत आहे, बायको नांदत नाही आणि नवऱ्यानं टाकलेलीही नाही, असल्या बाईचं काय करायचं हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. संस्थेच्या पुष्पावतीबाई चौकशीला येणार, गावच्या चावडीत चार माणसांसमोर विचारणार, आणि त्यांची खात्री पटली तर नाव पक्कं.

आदल्या दिवशी कडूबाई लेकीपुढं अक्षरशः हात जोडून बसली. "मालने, एकदा म्हन. टाकली म्हन. तोंड झिजतंय व्हय तुझं?"

"व्हय. झिजतंय."

"अगं, रडून म्हन जरा. बाईला दया येईल."

"आये, म्या पट्ट्या उचकटल्या तवा माझी नखं फुटली. ती काय मला टाकली म्हून फुटली? मी रडनार न्हाई आन खोटं बोलनार न्हाई."

"मग बस खडी फोडीत," असं म्हणून कडूबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

पुष्पावतीबाई दुपारच्या एसटीनं आल्या. धुळीनं पांढऱ्या झालेल्या, हातात छत्री, चेहऱ्यावर थकवा. बाई मनानं चांगली होती. चावडीत सरपंच आसारामतात्या बसलेले, पाचपन्नास माणसं गोळा झालेली, बायका भिंतीकडेला. पुष्पावतीबाईंनी पाणी घेतलं, पेन उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "यजमानांनी तुम्हाला कधी सोडलं?"

"त्यानं न्हाई सोडलं. मी सोडलं."

पेन थांबलं. आधीच्या गावांतल्या बायकांनी प्रश्न पुरा होण्याआधीच डोळ्याला पदर लावला होता. ही तर मान ताठ करून बसलेली.

आसारामतात्यांनी घसा खाकरला. "बाई, पोर जरा फटकळ हाय. तुमी लिवा टाकलेली. सारं गाव तसंच म्हनतंय."

"अहो, पण अर्जदारच नाही म्हणतेय. मी कसं लिहू?" पुष्पावतीबाई मालनकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ, मला तुला घ्यायचंय. पण माझ्यावरही तपासणारे आहेत. एवढंच म्हण, की त्यांनी नांदवलं नाही."

"तो नांदवायला तयार हुता बाई. कोंडून नांदवायला तयार हुता. मीच नको म्हनले."

भिंतीकडेला कडूबाईनं तोंडात पदर कोंबला. पुष्पावतीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

तेवढ्यात बाहेर फटफटीचा आवाज आला. आणि कोण उतरावं? श्रीमंत! अंगात कडक इस्त्रीचा सदरा, पायात करकर वाजणारं पायताण. गावात कुणीतरी चुगलखोर असणारच. त्यानं काष्टीपर्यंत बातमी पोचवली होती. सासूनं लेकाला बजावून धाडलं होतं, शिकली तर उद्या तोंडावर थुंकेल, आत्ताच मोडता घाल. तीन वर्षांत ज्यानं बायको मेली का जगली पाहिलं नव्हतं, तो आज चावडीत येऊन हात जोडून उभा राहिला. काय तो नम्रपणा! बघणाऱ्याला वाटावं, देवमाणूसच आला.

"रामराम मंडळी. बाईसाहेब, काय अनुदान-बिनुदान काढताय म्हनं. कशापायी? माझी बायकू हाय. मी नांदवायला तयार हाय. आत्ता बसू द्या फटफटीवर."

चावडीत कुजबुज झाली. आता यात वाईट काय? नवरा न्यायला आलाय, कायद्यानं, पाच माणसांसमोर. पुष्पावतीबाईंनी हळूच पेनाला टोपण लावलं. "पती नांदवायला तयार असतील, तर मग आमच्या हातात काही राहत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

मालननं ते टोपण लागताना पाहिलं. दोन वर्षं, मॅट्रिक, नोकरी, सगळं त्या टोपणाखाली गेलं. आणि श्रीमंत तिच्याकडं बघून मिशीत हसला. कोंडल्यावर कडी लावताना हसायचा, अगदी तसाच. मग मात्र मालनचं डोकं फिरलं. आजवर तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, त्याला तोंडावर अरेतुरे तर लांबच.

"ए श्रीमंत!" ती उठून उभी राहिली. "नांदवायला आलास व्हय रं? तुझी चाळ म्या फोडली. तुझ्या आईसमोरून गेले. तुझ्या गावच्या बाजारातून, तुझ्या सोयऱ्याधायऱ्यांना सांगत सांगत गेले. तुझ्यासारक्याकडं मी परत येईन? मी टाकलाय तुला. खरकटं टाकावं तसा टाकलाय!"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक हसला की दुसरा हसतो. पोरंठोरं हसली, भिंतीकडेच्या बायकासुद्धा पदराआड हसल्या.

श्रीमंत लालबुंद झाला. कानाची पाळीसुद्धा लाल. "तू? तू मला टाकतीस? भिकारडे! अगं, म्या टाकली तुला! लाथ घालून हाकलली! कुत्रं हाकलावं तशी हाकलली! तुझं थोबाड बघायची इच्छा न्हाई माझी! लिवा हो बाई, लिवा, मोठ्या अक्षरात लिवा, श्रीमंतनं टाकली म्हून!"

पुष्पावतीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्या भरभर लिहू लागल्या. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं: पतीने पंचांसमक्ष सांगितले, की पत्नीस आपण टाकले असून नांदवण्याची इच्छा नाही.

"बरोबर?"

"बरोबर!" श्रीमंत गरजला.

"झालं तर मग," आसारामतात्या मांडी बदलत म्हणाले. "पोरीचं अनुदान पक्कं झालं."

श्रीमंतचं तोंड उघडंच राहिलं. "आँ? म्हंजी हिला पैसे मिळनार? न्हाई न्हाई, खोडा ते! म्या न्हाई टाकली!"

"न्हाई टाकली?" तात्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं. "मग काय जावईबापू, तिनं टाकला म्हनायचं का तुमाला? तसं लिवू द्या बाईंना. आमाला काय, खरं असंल ते लिवायचं. काष्टीला इचारलं कुनी तर तेच सांगू."

आता बघा त्या गड्याची गत. टाकली म्हणावं तर बायको शिकायला चालली. नाही टाकली म्हणावं तर भर चावडीत बायकोनं टाकलेला नवरा. त्याची नजर एकदा बाईंकडं, एकदा हसणाऱ्या पोरांकडं. शेवटी मिशीनंच बाजी मारली.

"म्याच टाकली," तो दात खात म्हणाला, आणि बाईंनी पुढं केलेल्या कागदावर त्यानं सही ओढली. मग पायताण करकरवत बाहेर गेला.

कडूबाई हुंदका देऊन हसली का हसून हुंदका दिला, तिचं तिलाच कळलं नाही. पण मालन तशीच उभी. कागदावर शेवटी तेच आलं होतं, जे ती तीन वर्षं खोडत आली होती.

"बाई, खोटं हाय ते."

"असेल," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "पण ते तुझं बोलणं नाही, त्याचं आहे. सही त्याची आहे. तू फक्त अर्जावर सही कर. नाव, वय, शिक्षण. त्यात काही खोटं आहे?"

मालननं अर्ज हातात घेऊन नीट वाचला. तो खरा होता.

"आन तिथं नगरला मला कुनी इचारलं तर?"

"तर खरं ते सांग. मी कशाला आडवी येऊ?"

मालन खाली बसली आणि तिनं सही केली. अक्षर वळणदार आलं.

बाहेर फटफटी काही केल्या चालू होईना. श्रीमंत किका मारून मारून घामाघूम झाला होता, आणि पोरं भोवती रिंगण करून मजा बघत होती. कुणीतरी पोरगं म्हणालं, "तिनं टाकला वाटतं ह्येला." झालं! त्यानं गाडी सोडली आणि चावडीकडं तोंड करून गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "टाकलीया मी तिला! ऐका रं, मी टाकलीया!"

मालन चावडीच्या पायरीवर आली. कमरेवर हात ठेवून तिनं त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

"ओरड की," ती म्हणाली. "आनखी मोठ्यानं ओरड. नगरपतूर ऐकू जाऊ दे!"