तारबाबाचा गळ

"ही तार दर्याच्या पोटातली!" तारबाबाने चुरगाळलेली तार चिमटीत उंच धरली. देवगड बंदराजवळच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. "माणूस बुडाला असेल, तर ही सरळ होईल. जिवंत असेल, तर गळ होऊन त्याला ओढून आणील!"

तार कढत पाण्यात पडली, वळवळली आणि तिची गळासारखी आकडी झाली.

"जितो आसा!" मांडव ओरडला. सकिनाचाचीने हातातली सोन्याची बांगडी काढून बाबाच्या ताटात ठेवली. तिसरा गुरुवार, तिसरी बांगडी.

चाची माझी शेजारीण. तिचा मुलगा जुबेर नोव्हेंबरच्या वादळात होडीसकट गेला. फळ्या किनाऱ्याला लागल्या, बरोबरच्या दोघांची प्रेतंही मिळाली. जुबेर काही मिळाला नाही. मौलवी म्हणाले, प्रेताविना जनाज्याची नमाज पढूया. चाची ऐकेना. "तार खोटां बोलता काय?"

मी दातांची डॉक्टर. वाकडे दात सरळ करायला याच जातीची तार वापरते. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. भट्टीत जो आकार पक्का कराल, तो तिच्यात राहतो. गार असताना कशीही चुरगाळा, गरम पाण्यात टाकताच आतले अणू जुन्या मांडणीत परततात आणि तार मूळ आकारावर येते. कसला दर्या आणि कसलं काय! हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. पण चाचीच्या तोंडावरचं हसू बघून जीभ रेटेना.

तिसरी बांगडी पडली आणि माझं डोकं फिरलं. पर्समधली तार काढली, मासळीच्या बर्फात धरून चुरगाळली आणि बाबाच्या पाण्यात टाकली. दातांच्या कमानीचा आकार पुन्हा उभा राहिला.

"डॉक्टरीणबाईंची तार दुकानातली!" बाबा हसला. "माझी सिद्ध केलेली!"

तेवढ्यात चाची उठली. तिने बाबाची तार उचलली, गार झाल्यावर हातानेच पिरगळली. "माझो घोव फकरुद्दीन. जितो काय मेलो?"

तिच्या नवऱ्याला, फकरुद्दीनचाचांना, दोन वर्षांपूर्वी याच लोकांनी माती दिली होती.

तार पाण्यात पडली. आकडी झाली.

"म्हणजे... त्यांचा आत्मा..." बाबा चाचरला.

"गप रव," चाची म्हणाली.

लोकांनी बाबाची पेटी उपडी केली. सगळ्या तारा गरम पाण्यात टाकल्या. सगळ्यांच्या आकड्याच झाल्या. सरळ होणारी एकही तार त्याने आणली नव्हती.

शुक्रवारी जुबेरसाठी नमाज झाली. दुपारी मी चाचीकडे गेले. बांगड्या परत मिळाल्या होत्या, पण तिने त्या घातल्या नव्हत्या.

"तुका पयल्याच दिसाक ठावक होता मां?"

"होय, चाची."

"मगे इतके दिस गप कित्याक रवलंस गो? त्येना तीनदा माझ्या झिलाक जितो केल्यान. आता माका तो नव्यान मेलो."

मला रडू फुटलं. तिनेच पाणी आणून दिलं.

म्हणून सांगते. खोटं कळलं की त्याच दिवशी बोला, दया येऊन गप्प बसू नका. आणि चमत्कार करणारा भेटलाच, तर ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तोच प्रश्न त्याला आधी विचारा. चाचीने विचारला तसा.