सहावं चित्र

बिट्टीला आर्किटेक्चरच्या कॉलेजात जायचं होतं आणि अर्जासोबत सहा चित्रं जोडायची होती. पाच तिने झपाट्याने उरकली. सहाव्यापाशी घोडं अडलं. ‘पूर्वी राहत होता अशी एक खोली, आठवणीतून, मापांसह.’ तिने जुन्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर निवडलं. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वर्षभरातच बापलेकीने ते घर सोडलं होतं.

मापं सांगायला वडील होतेच. तीस वर्षं लोकांच्या फरशा बसवणारा माणूस. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत.

“बाबा, ओट्याची उंची?”

“अडीच फूट. नेहमीपेक्षा चार इंच कमी. तुझी आई बुटकी ना! मालकाच्या मागे लागून मीच तसा बांधला. सोबतचा गवंडी म्हणाला, बाहुलीचं घर करतोयस का?”

बिट्टी हसली. “आणि खिडकी तिच्या पाठीमागे.”

“छे! ओट्याच्या बरोबर वर. भाजी चिरताना ऊन तोंडावर यायचं तिच्या. डोळे बारीक करायची.”

“मी खिडकीत बसायचे बाबा. मला तिची वेणी दिसायची.”

“मापं मला शिकवू नकोस.”

शेवटी रविवारी दोघं टेप घेऊन तिथे गेली. आता तिथे एक नर्सबाई राहत होत्या. नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, तरी त्यांनी आत घेतलं.

खिडकी मागेच होती.

मिस्त्री ओट्यासमोर उभे राहिले. कुणी बुजवली तर नसेल, म्हणून त्यांनी भिंत बोटांनी ठोकून पाहिली. इथून तिथवर ती भरीव वाजली. म्हणजे इतकी वर्षं ते ऊन त्यांनी स्वतःच तिच्या चेहऱ्यावर आणून ठेवलं होतं. बिट्टीने टेपचं टोक धरलं आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“तुम्ही याच कामातले ना?” नर्सबाई म्हणाल्या. “हा ओटा कुठल्या शहाण्याने बांधलाय कोण जाणे. कंबर मोडते माझी. उंच करून मिळेल?”

मिस्त्रींनी कडप्प्यावरून एकदा हात फिरवला. “मिळेल. पुढच्या रविवारी येतो.”

जिन्यातच बिट्टी उसळली. “आईचा ओटा आहे तो!”

“उभं त्यांना राहायचंय, बिट्टे.”

तिने घरी येऊन चित्र काढलं. ओटा बुटका, खिडकी जिथे होती तिथेच. पुढच्या रविवारी तीही कामाला आली. फुगून का होईना, विटा हातात देत राहिली.

कॉलेजात नंबर लागला. दोन महिन्यांनी मिस्त्री तिला बसमध्ये बसवून आले आणि संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. वाजल्याबरोबर उचलला.

“खोली कशी आहे गं?”

“लहानशी. दोघींत एक.”

“पलंगावर बसलीस की समोर काय दिसतं?”

“कपाट. त्याच्या बाजूला दार. भिंतीत दोन खिळे आहेत.”

“डावीकडे की उजवीकडे?”

“उजवीकडे.” ती थांबली. “का हो, बाबा?”

“काही नाही. सांग तू. सावकाश सांग.”

ती सांगत राहिली. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले होते.