साडूभाऊंची ड्रेनेज लाइन

फिटर पालिकेच्या ड्रेनेज खात्यात बावीस वर्षं कामाला होता. कामात वाघ, पण बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, चौकात सलून चालवायचा आणि त्याचं नेमकं उलटं होतं. घरात चार माणसं जमली आणि साडू बोलायला लागला की बायका हातातली कामं सोडून ऐकत बसायच्या. फिटरने तोंड उघडलं की कोणाला तरी पाणी प्यायला उठावंसं वाटायचं.

दोघांची बिऱ्हाडं एकाच उतरत्या गल्लीत. साडूचं वर, फिटरचं अगदी खाली. आणि सांडपाणी तुंबायचं ते खालीच. लोकांनी दारापुढे विटा मांडल्या होत्या, त्यांवर पाय देत घरात शिरायचं. गल्लीला नवी ड्रेनेज लाइन हवी म्हणून फिटरने वॉर्ड ऑफिसात अकरा अर्ज केले होते. अकराही वेळा एकच उत्तर, निधी नाही.

त्या वर्षी मात्र पालिकेने अंदाजपत्रकात लोकांनी मागितलेल्या कामांचा वाटा चांगला दुपटीने वाढवला. कोणतं काम आधी करायचं, ते प्रत्येक वॉर्डाने सभा घेऊन हात वर करून ठरवायचं होतं. फिटरने इस्त्रीचा शर्ट घातला, मापं लिहिलेला कागद खिशात घातला आणि शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसला. मनातल्या मनात पहिलं वाक्य घोळवतोय, तोवर साडू उठून उभा राहिलासुद्धा.

साडूने मापं-बिपं काही सांगितली नाहीत. फिटरच्या शेजारच्या आजी विटेवरून कशा घसरल्या आणि पडल्यावर आधी पिशवीतली अंडी फुटली का ते कशा बघत बसल्या, एवढंच सांगितलं. लोक हसले, मग गप्प झाले. "आमची गल्ली जमिनीवर नाही, विटांवर चालते," साडू म्हणाला आणि खाली बसला. हॉलभर हात वर झाले.

हे वाक्य फिटरचं होतं. आजींचा प्रसंगही त्यानेच सांगितला होता, सलूनच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेला असताना. पण करतो काय? काम गल्लीचंच, त्यामुळे त्यालाही हात वर करावा लागला.

"भाऊजी किती छान बोलले ना," घरी आल्यावर बायको म्हणाली. "माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"अकरा अर्ज मी केलेत."

"हो, पण अर्ज वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं का?"

त्या रात्री फिटरला जेवण गेलं नाही.

पुढच्या सभेत पालिकेच्या इंजिनिअर बाई नकाशा घेऊन आल्या. नवी लाइन शाळेच्या कोपऱ्यावरच्या चेंबरला जोडायची होती. फिटरने एकदा बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, घोटाळा आहे. त्या चेंबरमध्ये तो स्वतः उतरला होता. त्याचा तळ गल्लीच्या खालच्या टोकापेक्षा चांगला वीतभर उंच. पाणी काय चढ चढून जाणार? जोडायला हवं होतं लाँड्रीमागच्या खोल चेंबरला.

"कोणाला काही सुचवायचंय?" बाईंनी विचारलं.

फिटर खुर्चीतून अर्धा उठला. तेवढ्यात बाई साडूकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक वॉर्डात हवा." साडू लाजल्यासारखं हसला. फिटर खाली बसला. होऊ दे फजिती, त्याच्या मनात आलं. साडूभाऊंची लाइन ना, बघू दे सगळ्यांना.

खोदकाम सुरू झालं. दारापुढे चर, चरावर फळ्या, घराघरात धूळ. पाइप शाळेच्या कोपऱ्याकडे सरकत होते आणि फिटर रोज कामावरून येताना ते बघून मान खाली घालत होता. एके संध्याकाळी शेजारच्या आजींनी फळी ओलांडायला त्याचा हात धरला. "तुझ्याच खात्याचं काम ना रे हे? मग आता पाणी जाईल ना नीट?"

त्याने त्यांना फळीपलीकडे नेऊन दारात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इंजिनिअर बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि चेंबरच्या तळाचं सांगितलं. बाईंनी जागेवर येऊन पातळी तपासली आणि कपाळाला हात लावला. अर्धा चर बुजवला, लाँड्रीच्या बाजूने नवा खणला. गल्लीने आणखी तीन आठवडे धूळ खाल्ली.

"तुम्हाला हे कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"नकाशा बघितला तेव्हाच."

त्यानंतर दोन दिवस ती नुसतंच ताट वाढत होती. तिसऱ्या दिवशी फिटर सलूनमध्ये गेला. गिऱ्हाईक नव्हतं. उभ्या उभ्याच त्याने सांगून टाकलं, "साडूभाऊ, मला आधीच माहीत होतं. तुमची फजिती व्हावी म्हणून गप्प बसलो."

साडू कात्री पुसत होता. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "अर्धे उठून परत बसलात, ते मी बघितलं. आणि विटांचं वाक्य तुमचं होतं. तेव्हा नाव घ्यायचं राहिलं, मग घ्यायची लाज वाटली. असो. हे दुसऱ्या कोणाला सांगू नका."

चांगली बोलणी खावीत म्हणून आलेला फिटर रिकाम्या हाताने परत गेला. एवढं मोठं मनही याच्याकडेच असावं, या विचाराने त्याचा जीव आणखी जळला.

लाइन चालू झाली. पाणी खळखळत गेलं. आजींनी दोन्ही घरांना चहाला बोलावलं आणि तिथे साडूने गोष्ट काढली, फिटरने गल्ली कशी वाचवली त्याची. फिटर चेंबरमध्ये कसा उतरला होता, वीतभर फरक नुसत्या नजरेने कसा ओळखला, बाईंच्या टेबलासमोर कसा ताठ उभा राहिला. गप्प बसल्याचा भाग त्याने अलगद गाळला. आजी पदराने डोळे टिपत होत्या. बायको बऱ्याच दिवसांनी नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. फिटर स्वतःही कप हातात धरून ऐकत राहिला, पुढे काय होतं ते माहीत असूनही. चहा निवून गेला. ही गोष्ट आपल्याला अशी कधीच सांगता आली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि साडूच्या हलणाऱ्या ओठांवरून त्याची नजर हटत नव्हती.