पडल्यासारखी कमान

कतारमधल्या समैस्मा गावातल्या एका बंगल्याच्या बागेत कमान बांधायची होती. आमचा फोरमन फुजैल, रायगडचा, मोबाइलवर फोटो दाखवून म्हणाला, "केरबा, ही बागेत पायजे." फोटोत अर्धी ढासळलेली दगडी कमान. मला वाटलं, पडली म्हणून नवी हवी असेल. गवंड्याला पडकं बांधकाम दाखवलं तर तो दुसरं काय समजणार? इथं आल्यापासून नुसते ब्लॉक रचत होतो. घडीव दगड पहिल्यांदा हाती आला. जीव ओतला. माथ्याचा दगड बसवून नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं.

फुजैल आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, पडकीच पायजे होती! वरचं तोड. राहील त्यात सळया घालू, म्हणजे पडणार नाही."

"म्हंजे पडल्यासारखी दिसावी, पर पडू नये?"

"हां. यल्ला, लाग कामाला."

माझं टाळकंच सरकलं. हौसेनं पडझड मागवणारी माणसं! मी किल्लारीचा. भूकंपात आमच्या घराची दगडी भिंत आईवर कोसळली. मी सात-आठ वर्षांचा, अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून ढिगारा दिसला की मी वाट बदलतो.

"मी न्हाई मोडणार," म्हणत हातोडा फेकला.

फुजैलनं मला ओढतच मजलिसमध्ये, म्हणजे मालकांच्या बैठकीच्या खोलीत नेलं. मालक तिथंच बसले होते. मोबाइलवरचा फोटो ज्याचा होता ते मूळ चित्र भिंतीवर होतं, दोनशे वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्यानं तैलरंगात काढलेलं. पिवळं ऊन, दगडांत उगवलेलं गवत. "बघ, किती सुंदर," फुजैल म्हणाला. होतंच सुंदर, खोटं कशाला बोलू? त्यानं तर आणखीच संताप आला. मग खाली लक्ष गेलं. मोबाइलवर दिसली नव्हती, पण त्या लोंबत्या दगडांखाली एक बाई मांडीवर पोर घेऊन निवांत बसली होती.

"ए बाई, ऊठ तिथनं!" मी ओरडलो. मालकांसमोर, मराठीत.

मालकांनी विचारलं, हा काय म्हणतोय? फुजैलनं मला दाराकडे ओढलं.

"आमचं घर पडल्यासारखं दिसत नव्हतं, फुजैल," मी म्हणालो. "तरी पडलं."

दुसऱ्या दिवशी कमान मीच मोडली, शिव्या देत. सांगितल्याच्या दुप्पट सळया घातल्या. फोटो काढायला तिच्याखाली कुणाची तरी आई बसणारच.