आम्ही जेवलो

कुलूपवाल्याची बायको जाऊन दीड वर्ष झालं, तरी त्याच्या बोलण्यातलं ‘आम्ही’ काही गेलं नाही. दर रविवारी अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, फोन यायचा. जेवलास का? आम्ही आत्ताच जेवलो. काय करतोयस? आम्ही जरा पडलोय. दिवसभर लोकांच्या घरांच्या किल्ल्या घासून देणारा हा माणूस संध्याकाळी स्वतःच्या दारात मात्र किल्ली हातात घेऊन उगाच उभा राहायचा. आत कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं. पण ‘मी जेवलो’ म्हटलं असतं, तर ते कायमचं खरं झालं असतं. तेवढं त्याने थोपवून धरलं होतं.

अक्काला हे कुठून कळणार? तिच्या मनात पाल चुकचुकली. भावाने गुपचूप कुणाला तरी घरात आणलंय आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही, असं तिने पक्कं धरलं. एका रविवारी फोन न करता ती स्वतःच दारात हजर झाली.

आल्या आल्या तिने घर पालथं घातलं. बेसिनपाशी एकच ब्रश. ओट्यावर एक ताट, एक पेला. दाराशी चपला होत्या, त्याही सगळ्या त्याच्याच मापाच्या. ती पलंगाखाली वाकून बघायला लागली तेव्हा त्याला हसू आलं. लहानपणी त्याने लपवलेला खाऊ ती असाच हुडकून काढायची.

“कुठे आहे ती?” तिने विचारलं.

“कोण?”

“फोनवर सारखं आम्ही आम्ही करतोस, ती.”

थट्टेवारी नेता आलं असतं. या वयात माणूस स्वतःलाच मान देतो, असं काहीतरी त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण अक्का समोर धापा टाकत बसली होती. तिला फसवणं त्याच्या जिवावर आलं.

“कुणी नाही, अक्का,” तो म्हणाला. “मी एकटाच असतो. मला घरी यावंसंच वाटत नाही.”

बोलून गेला आणि घर आता खरंच रिकामं झालं. त्याला फार वाईट वाटलं, आणि छातीवरचं ओझंही उतरलं. आता अक्का फैलावर घेणार म्हणून तो मान खाली घालून बसला. पण चेहरा अक्काचाच पडला होता. तिने पिशवीतून एक निळा स्वेटर काढला. बायकी होता, पुढे बटणं असलेला.

“मी भांडायला नव्हते आले रे,” ती म्हणाली. “मापाचा अंदाज नव्हता, म्हणून जरा सैलच विणला. महिनाभर संध्याकाळ बरी गेली. कुणासाठी तरी विणत होते.”

अक्काही एकटीच राहते, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण तू जेवलीस का, असं त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

स्वेटर उसवून त्याचा त्याच्यासाठी नवा विणायचा, असं तिनेच ठरवून टाकलं. त्याने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले आणि ती लोकर उसवत उसवत त्यांच्याभोवती गुंडाळू लागली. किती दिवस लागतील, असं त्याने हळूच विचारलं.

“तुझं पोट बघता, दोन आठवडे,” अक्का म्हणाली. “आणि लोकर कमी पडेल.”

“पडू दे,” तो म्हणाला. “आणू आपण.”