पायाळूची लाथ

हडपसर आमच्याकडं चालत आलं, आम्ही कुठं गेलो नाही. वावराच्या तिन्ही अंगांनी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मधे आमचा दीड एकर उरला. त्यात मेथी, कोथिंबीर आणि कडेला पायऱ्यांची विहीर. त्या सकाळी जुड्या बांधत होतो, तर कंपनीतला एक साहेब कमरेत वाकडा होऊन बांधावर उभा. लाथ मारणारे काका आपणच का, म्हणून विचारू लागला.

मीच तो. वैजनाथ, पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर काढणारा. अशा माणसाच्या लाथेनं उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, असं म्हणतात. मी अकरा विहिरींच्या जागा दाखवल्या. दोन ठिकाणी पाणी लागलं, नऊंचं नाव मी काढत नाही. वीज पायाळूला शोधत येते म्हणतात. माझ्यासाठी आली ती बाभळीला पत्ता विचारून परत गेली.

साहेबाला पालथा घातला, उजव्या पायातला गमबूट काढला आणि कमरेवर बेताची लाथ दिली. तो सरळ उठला आणि हसत गेला. मी मात्र घाईनं बूट चढवला. कारण विहिरीच्या वरच्या पायरीवर ती येऊन उभी राहिली होती.

उन्हाळ्यातही मी गमबूट का वापरतो, ते लोकांना वाटतं सापाच्या भीतीनं. पण पाय उघडा पडला की ती येते. हिरवं लुगडं, मान खाली. एकटक माझ्या पायांकडं बघते. वर कधीच बघत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत तिचं तोंड मी पाहिलं नाही, आणि तिनं माझं.

घरी आलो तर माझी नात भाग्यश्री पाय पसरून जोंधळ्याच्या लाह्या खात बसलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आलेली. नववा लागला होता. तपासणीची फाइल तिनं कपाटावर टाकली आणि म्हणाली, "तात्या, तुमचा वारस येतोय. पायाकडून हाय."

डॉक्टर यास्मिनबाईंनी तिला नीट समजावलं होतं. येत्या बुधवारी दवाखान्यात पोटावरून हातानं मूल फिरवून बघू, बाळाच्या ठोक्यांवर मशीनचं लक्ष राहील. फिरलं नाही तर तारीख धरून ऑपरेशन. घरी कुणाला पोट चोळू द्यायचं नाही. पण ही बया बाईंनाच शिकवून आली होती, की आमच्या घराण्यात हे चालतं, आमचे तात्या घरातच असे झाले, आणि पणजी तिसऱ्या दिवशी कोथिंबीर काढायला गेली.

"मी बुधवारी जाणार न्हाय," ती म्हणाली. "फिरवायचं बी न्हाय आन् कापायचं बी न्हाय."

पणजी कोथिंबीर काढायला गेली, ही गोष्ट माझीच. ओसरीवर बसून शंभरदा सांगितलेली. दर वेळी तिची पाटी थोडी मोठी करायचो.

कोपऱ्यात मथुराआक्का मेथी निवडत होती. माझी थोरली बहीण, एक्क्याऐंशी वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "वैजा, तू सांगतूस का मी सांगू?"

 आयुष्यभर थापा मारल्या, त्या पाण्यासारख्या आल्या. खरं बोलायचं तर जीभ दगडाची झाली.

"भागू," मी म्हटलं, "कोथिंबीर काढाया गेलेली बाई माझी आई न्हवं. ती मावशी. आईच्या जागी आणलेली."

लाह्यांचा हात थांबला.

मग सांगितलं. भर दुपार होती. पाय आले, कंबर आली, हात आले, डोकं अडकलं. सुईण ओढत राहिली. पुण्याला न्यायला बैलगाडी जुंपली, ती जुंपलेलीच राहिली. माझं डोकं सुटलं तोवर आई संपली होती.

"तिनं माझं पाय बघितलं," मी म्हटलं. "तोंड बघितलं न्हाय."

आक्का मेथीची काडी मोडत म्हणाली, "मी सात वर्साची, दारात उभी व्हते. गाव ह्याला आईखाऊ म्हणाया लागलं. म्हून मी सांगत सुटले, ह्याच्या पायात गुण हाय. पहिली लाथ माझ्याच कमरंत घेतली. दुखत काय बी नव्हतं."

भाग्यश्री उठली. कपाटाशी स्टूल ओढलं. आक्का ओरडली म्हणून स्टुलावर मी चढलो आणि फाइल काढून दिली.

बुधवारी यास्मिनबाईंनी प्रयत्न केला. भाकरीची कड सावरावी तसे त्यांचे हात चालले, असं भाग्यश्री सांगते. बाळ अर्धं वळलं आणि पुन्हा होतं तिथं जाऊन बसलं. बाईंनी जबरदस्ती केली नाही. तारीख दिली आणि बजावलं, आधीच पाणी फुटलं तर हिंडायचं नाही, आडवं व्हायचं, पोटात काही घालायचं नाही, फोन करून तडक निघायचं. पाय खाली असले की नाळ आधी घसरायचं भय असतं.

तारखेच्या तीन दिवस आधी, सकाळी अकराला, पाणी फुटलं. भाग्यश्री जागच्या जागी आडवी झाली आणि स्वतःच फोन लावला. भावकीतल्या बाया तुपातला शिरा घेऊन धावल्या. आक्का काठी आडवी धरून उंबऱ्यात बसली. एक चमचा आत जाऊ दिला नाही. रुग्णवाहिका आली, आम्ही निघालो.

ऑपरेशनच्या दाराशी नर्स म्हणाली, "आजोबा, बूट बाहेर. चिखल आहे."

काढले. ती आलीच. बाकाच्या टोकाशी उभी, मान खाली, नजर माझ्या पायांवर. मी म्हटलं, आई, आज नको. आज दुसऱ्या कुणाचे पाय बघू नकोस. तेवढ्यात आत रडणं फुटलं. मी मान वळवली, परत बघतो तर फरशी कोरडी.

यास्मिनबाई बाहेर आल्या. मुलगी. दोघी सुखरूप. बाई थकलेलं हसल्या. पोटातून काढतानाही पायच आधी हाती आले म्हणाल्या, आणि शुद्धीवर असलेल्या भाग्यश्रीनं एकच धोशा लावला होता, आधी तोंड दाखवा.

घरी आक्कानं निकाल दिला, "कुठून का असंना, पाय आधी. पायाळूच."

दुसऱ्या सकाळी मी वावरात गेलो. दोन्ही बूट काढून बांधावर ठेवले. ती वरच्या पायरीवर उभी, मान खाली. इतकी वर्षं जे सुचलं नाही ते तेव्हा सुचलं. तिची नजर वर येत नसेल तर आपणच खाली जावं. कोथिंबिरीच्या वाफ्यात मी उताणा झोपलो, पाय रस्त्याकडं आणि डोकं विहिरीकडं. या खेपेला डोकं आधी. गमबुटाएवढ्या अंतरावर हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. वर बघायची मला हिंमत झाली नाही. डोळे मिटून तोंड तेवढं तिच्या पुढं केलं आणि पडून राहिलो.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बांधावरून त्या कंपनीच्या साहेबाचा आवाज आला, "काका, तुमचीच कंबर धरली की काय?"

"व्हय," मी डोळे न उघडता म्हटलं. "लाथ घालणारी घरात आलीय. चालाया तर लागू द्या तिला."